ओएमपीच्या वहीतून : बडोदे, जानेवारी ते एप्रिल २०२५

६ जानेवारी, सोमवार

एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आजपासून सुरू. फॉर्मवर शीर्षक इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचं तर 'साल्मोनेलाच्या बाह्य पटलातील प्रथिनांमुळे मिळणारं संरक्षण'. ही प्रथिनं म्हणजेच ओएमपी. मॅडमनी 'संरक्षण' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. "राहू दे सध्या. एप्रिलमध्ये बघू," एवढंच म्हणाल्या.

घरी आजीने विचारलं, नक्की करणार काय? म्हटलं, टायफॉइडच्या भावंडाचा अभ्यास. तर ती लगेच, "म्हणजे मुदतीचा ताप!" तिच्या मोठ्या भावाला झाला होता. एकवीस दिवस नुसती पेज, आणि एकविसाव्या दिवशी ताप उतरतो की माणूस जातो याची सगळ्या वाड्याने वाट बघायची.

माझ्या डोक्यात सध्या चित्र असं आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं असतात. बाहेरच्या पटलात पोरिन नावाची प्रथिनं बसलेली असतात. ती पिंपासारखी, एकेका पिंपाला १६ पट्ट्या आणि तीन पिंपं एकमेकांना चिकटून. त्यातून साखर, क्षार वगैरे आत येतात. यांच्याशिवाय जिवाणूचं पोट भरत नाही, त्यामुळे ती फारशी बदलत नाहीत आणि साल्मोनेलाच्या निरनिराळ्या प्रकारांत बरीचशी सारखी असतात. भारतात हल्ली टायफॉइडची जी कॉन्जुगेट लस आहे (नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना दिली ती), तिचा रोख 'व्हीआय' या शर्करेच्या कवचावर आहे. तसाच ताप आणणाऱ्या पॅराटायफी ए या जिवाणूला ते कवचच नसतं, मग लस त्याला ओळखणार कशी? शर्करेऐवजी प्रथिन धरलं तर एकाच दगडात दोन पक्षी, असा हिशेब.

टायफॉइड करणारा साल्मोनेला म्हणजे टायफी. आम्ही तो वापरत नाही, त्याचं भावंड टायफिम्युरिअम वापरतो. टायफी उंदराला सहसा आजारी पाडत नाही. टायफिम्युरिअम पाडतो आणि तो आजार टायफॉइडसारखा दिसतो, म्हणून जगभर हाच नमुना चालतो. माझ्या वाट्याला मात्र उंदीर नाहीत. मॅडमच्या मंजूर प्रकल्पातले दोन ससे आहेत, त्यांचा सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं यातच असतात) मला मिळेल.

१० जानेवारी, शुक्रवार

एक लिटर कल्चर लावलं. ल्युरिया ब्रॉथमध्ये मीठ लिटरला ५ ग्रॅम की १० यावरून पीएचडीवाल्या ताईशी अर्धा तास वाद. मला वाटलं, काय फरक पडतो? पडतो. बाहेर मीठ जास्त असलं की जिवाणू ओम्पएफ हे पोरिन कमी आणि ओम्पसी हे पोरिन जास्त बनवतो. पटलात एक संवेदक बसलेला असतो, तो आतल्या नियामकाला निरोप देतो. ओम्पसीचं छिद्र थोडं अरुंद. आतड्यात, जिथे पित्तासारखे त्रासदायक पदार्थ असतात, तिथे अरुंद दार बरं. म्हणजे आपण मीठ किती घातलं त्यावर उद्याच्या लशीत कोणतं प्रथिन जास्त येणार ते ठरतं. १० ग्रॅम ठेवलं.

१६ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण आणि वासी उत्तरायण, दोन दिवस लॅबमध्ये चिटपाखरू नाही. कल्चर नेमकं त्याआधी काढून पेलेट (तळाशी बसलेला जिवाणूंचा गोळा) फ्रीजरमध्ये ठेवलं, हे शहाणपण ताईचं. आज आले तर उजव्या तर्जनीला मांजाने कापलेलं. ताईने साल्मोनेलाच्या जवळपास फिरकू दिलं नाही. पट्टी, त्यावर दोन ग्लोव्ह्ज, मग बोल. शेवटी मी बफर बनवत बसले आणि डब्यातलं उंधियू दोघींनी मिळून संपवलं.

२१ जानेवारी, मंगळवार

सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडायचं यंत्र. १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, नळी बर्फात. बर्फ वितळतो आणि लक्ष राहत नाही. एकदा नळीला हात लावला तर चक्क कोमट. प्रथिनं तापून वाकडी झाली तर सगळं मुसळ केरात. बर्फ बदलून पुन्हा सुरुवात.

मग न फुटलेल्या पेशी कमी वेगावर खाली बसवल्या आणि वरचं द्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूजला नेलं. १,००,००० जी, एक तास. नळ्या तराजूवर अगदी जुळवून ठेवल्या, कारण रोटर असमतोल फिरला तर काय होतं त्याच्या गोष्टी प्रत्येक लॅबमध्ये असतात आणि सगळ्या खऱ्या वाटतात. खाली बसलेल्या पटलांवर २ टक्के सार्कोसिल, अर्धा तास. हे डिटर्जंट आतलं पटल विरघळवतं, बाहेरच्याला हात लावत नाही. पुन्हा तोच फेरा.

शेवटी नळीच्या तळाशी काय उरलं ते नीट पाहिलं. मला पांढरा गोळा अपेक्षित होता. निघाला एक पारदर्शक, किंचित पिवळट चकतीचा तुकडा. भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जो चिकट पडदा येतो, अगदी तसा. दिव्यासमोर नळी तिरपी केल्याशिवाय दिसतच नाही. मी तो जवळजवळ ओतून देणार होते. ताईने मनगट धरलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

प्रथिन मोजलं. ब्रॅडफर्ड पद्धतीने एक आकडा, लोरी पद्धतीने दुसरा, दोन्हींत दुपटीचा फरक. डिटर्जंट मध्ये येतं म्हणे. पटलातल्या प्रथिनांसाठी लोरीत एसडीएस हे डिटर्जंट घालायची सुधारित पद्धत आहे, ती केली. आकडा पटण्यासारखा आला. दिवस यातच गेला.

२९ जानेवारी, बुधवार

आजची जेल (हिच्यात प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी होतात, लहान ती खाली धावतात) बघून खूप बरं वाटलं.

एकाच नमुन्याचे दोन भाग केले. एक एसडीएसमध्ये पाच मिनिटं उकळला, दुसरा तसाच ठेवला. शेजारी शेजारी चालवले. उकळलेल्यात ३५ ते ३८ किलोडाल्टनच्या आसपास दोन-तीन जाड पट्ट्या आल्या, पोरिन आणि ओम्पए हे पटलातलं दुसरं प्रथिन. न उकळलेल्यात त्या पोरिनच्या पट्ट्या गायब! त्याऐवजी वर, बऱ्याच वर, एक धूसर पट्टा. तीन पिंपांची ती जुडी एसडीएसलाही दाद देत नाही, उकळल्यावरच सुटते. आणि ओम्पए उलट वागतं. न उकळलेलं असताना ते खाली, २८च्या आसपास धावतं, कारण घडी घट्ट असते. उकळलं की उलगडतं आणि ३५ला येतं. म्हणजे माझं प्रथिन अजून जिवाणूच्या अंगावर होतं त्याच घडीत आहे. कोमट नळीने घात केला नव्हता.

हे महत्त्वाचं अशासाठी की उकळलेल्या पोरिनने बनलेली प्रतिपिंडं उलगडलेला धागा ओळखतात. जिवंत जिवाणूवर धागा नसतो, पिंप असतं. तेव्हा सशांना न उकळलेलंच द्यायचं.

मॅडमनी विचारलं, "सिल्व्हर स्टेन केलास?" सिल्व्हर नायट्रेट संपलं होतं, मागवलं होतं. म्हटलं, करते नंतर.

३ फेब्रुवारी, सोमवार

सशांना पहिलं इंजेक्शन. अ‍ॅनिमल हाउसच्या काकांनी ससा हातात असा धरला की त्याला आपल्याला काही टोचलंय याचा पत्ताच लागला नसावा. त्याआधी दोघांचं थोडं रक्त घेतलं, तो 'आधीचा सिरम'. कोऱ्या पाटीची तुलना हवीच.

सिल्व्हर नायट्रेट आलेलं नाही. मी थांबायला हवं होतं. तारीख ठरलेली, ससे तयार, काका तयार, म्हणून थांबले नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाटली सोमवारी आली. आज सिल्व्हर स्टेन केला, तोही पिरिऑडेट घालून. ही १९८२ ची पद्धत शर्करा दाखवते, नेहमीच्या निळ्या रंगात जी अदृश्य राहते.

जेल डेव्हलपरमध्ये टाकली. पहिला मिनिटभर काही नाही. मग तळाशी एक काळपट डाग. मग त्याच्या वर बारीक रेघ, तिच्यावर अजून एक, आणि बघता बघता खालपासून वरपर्यंत शिडीच्या पायऱ्या. समान अंतरावर, एकेक पायरी स्वच्छ. इतकं सुंदर दिसत होतं की काय दिसतंय ते समजायला वेळ लागला.

ती एलपीएसची शिडी. लिपोपॉलिसॅकराइड, बाह्य पटलाचा बाहेरचा थर ज्याने बनतो ते. त्याच्या टोकाला ओ-अँटिजेन नावाची साखळी, साखरेचे तेच तेच तुकडे एकामागोमाग एक. कुठे दोन तुकडे, कुठे वीस, म्हणून शिडी. माझ्या 'शुद्ध' प्रथिनात हे सगळं आहे, आणि सशांच्या अंगात नऊ दिवसांपूर्वीच गेलंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "पोरिन आणि एलपीएस यांचं लग्न लागलेलं असतं. ती जुडी टिकते तीच एलपीएसच्या आधाराने. सगळं काढशील तर पिंप मोडेल."

मग तासभर जुन्या गोष्टी निघाल्या. एलपीएस म्हणजेच रिचर्ड फायफरने १८९२ मध्ये ओळखलेलं एंडोटॉक्सिन, जिवाणूच्या अंगातलंच विष. हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, ती अख्ख्या मारलेल्या जिवाणूंची. त्यात हे सगळंच होतं, आणि टोचल्यावर येणाऱ्या तापात एंडोटॉक्सिनचा हात असणारच. एलपीएस नुसतं स्वतःविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत नाही, सोबतच्या प्रथिनाविरुद्धचा प्रतिसादही वाढवतं. म्हणजे फुकटचं अ‍ॅड्जुव्हंट. म्हणूनच लोक सी३एच/एचईजे जातीचे उंदीर वापरतात. त्यांच्या टीएलआर४ या एलपीएस ओळखणाऱ्या प्रथिनात बिघाड आहे, एलपीएसची हाक त्यांना ऐकूच येत नाही. हे १९९८ मध्ये उलगडलं आणि ते उलगडणाऱ्या बॉइटलरला २०११ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

आता काय? ससे बाद करून नवे मागवायचे नाहीत, यावर आमचं लगेच एकमत झालं. माझ्या चुकीपायी आणखी दोन प्राणी कशाला? बूस्टर ठरल्याप्रमाणेच द्यायचे. प्रश्न फक्त बदलतो. आधी होता, 'प्रतिपिंडं तयार होतात का?' आता, 'झाली तर कशाविरुद्ध?' मॅडमच्या मते हा पहिल्यापेक्षा बरा प्रश्न. मला अजून तसं वाटत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिला बूस्टर. ससे मजेत. गाजर खातात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. आई-आजीबरोबर सूरसागर तलावावर जाऊन आले. लॅबला सुट्टी. घरी बसून तयारी: सिरम शोषून घ्यायला लागणारं शुद्ध एलपीएस मॅडमकडे आहे, थोडंच आहे, जपून.

३ मार्च, सोमवार

दुसरा बूस्टर.

मध्ये वाचन बरंच झालं. बाह्य पटलाची लस हा काही नुसता प्रयोगशाळेतला छंद नाही, हे वाचून धीर आला. मेनिंगोकोकस बी या मेंदूज्वराच्या जिवाणूचं कवच आपल्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखं दिसतं. शरीर त्याला आपलंच समजतं, कवचाची लस बनवून उपयोग नाही. तेव्हा लोकांनी बाह्य पटलाचे फुगेच गोळा केले. क्यूबाने ऐंशीच्या दशकात, न्यूझीलंडने २००४ मध्ये. न्यूझीलंडच्या लशीत मुख्य लक्ष्य पोरए हे पोरिन होतं. पुढे २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या लशीत तेच फुगे आणि वर तीन प्रथिनं. गंमत म्हणजे २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या आकडेवारीत दिसलं की ती लस घेतलेल्यांत गनोरियाही कमी होता, परिणामकारकता साधारण ३१ टक्के. गनोरियाचा जिवाणू मेनिंगोकोकसचा सख्खा चुलत. माझ्या जानेवारीतल्या 'एका दगडात दोन पक्ष्यां'चा हा खरा नमुना.

पण नायसेरियाच्या (या दोघांचं कूळ) एलपीएसला ओ-अँटिजेनची ती लांब शेपटी नसते. माझ्याकडे आहे. हे समासात लिहून दोनदा चौकट केली.

१२ मार्च, बुधवार

सशांचं रक्त घेतलं, गोठू दिलं, सिरम वेगळा केला. मधासारखा रंग. छोट्या नळ्यांत भरून पहिल्या मजल्यावरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. गेल्या ऑगस्टच्या विश्वामित्रीच्या पुरानंतर बडोद्यात तळमजल्यावर मोलाची गोष्ट ठेवायची माझी तरी हिंमत होत नाही.

१७ मार्च, सोमवार

एलिसा, म्हणजे प्रतिपिंडं रंगावरून मोजायची चाचणी. प्लेटच्या विहिरींत माझं ओएमपी चिकटवलं, त्यावर सिरम पातळ करत करत. आधीचा सिरम १:२०० पाशीच विझला. आतड्यातल्या जिवाणूंमुळे सशाला थोडी ओळख असतेच. नंतरचा सिरम १:५१,२०० पर्यंत पिवळा! ताईने फोटो काढला. मी तो घरी पाठवला आणि आजीने उत्तरात नुसतं हळदीसारखं पिवळं फूल पाठवलं.

शीर्षक बरोबर निघणार असं आज वाटलं.

२० मार्च, गुरुवार

सिरममध्ये एलपीएस मिसळून रात्रभर ४ अंशांवर ठेवला होता. ज्या प्रतिपिंडांना एलपीएस हवं आहे ती त्यात गुंतून जातात, उरतात ती बाकीची. तीच एलिसा पुन्हा.

१:६,४००.

आठपट घसरण. म्हणजे सोमवारच्या त्या पिवळ्या रंगातला मोठा वाटा शिडीचा होता. उरलेलं ६,४०० काही शून्य नाही, असं ताई तीनदा म्हणाली.

ब्लॉटमध्येही (जेलमधल्या कोणत्या पट्टीवर प्रतिपिंडं बसतात ते दाखवणारी चाचणी) तेच. प्रोटिनेज के ने प्रथिनं पचवलेल्या नमुन्यात शिडी तशीच चमकते. न पचवलेल्यात शिडीबरोबर ३५-३८च्या पट्ट्याही आहेत, फिकट, पण आहेत.

२५ मार्च, मंगळवार

आता खरी परीक्षा. प्लेटवर प्रथिन नाही, अख्खे जिवाणू. दोन प्रकार. नेहमीचा गुळगुळीत, आणि ओ-अँटिजेन नसलेला खडबडीत. नावं त्यांच्या वसाहतींवरून पडली आहेत. अगारवर पहिल्याच्या वसाहती तुपाच्या थेंबासारख्या चकचकीत, दुसऱ्याच्या कोरड्या, कडा दातेरी.

खडबडीत जिवाणू सलाइनमध्ये घोळले आणि दहा मिनिटांनी पाहते तो वरचं पाणी नितळ, खाली दही विरजल्यासारख्या गुठळ्या. साखरेची शेपटी नसली की ते एकमेकांना चिकटतात. गुळगुळीत प्रकाराची नळी तासाभरानेही एकसारखी गढूळ. इतक्या साध्या गोष्टीत ती शेपटी दिसली, जेलसुद्धा लागली नाही. प्रत्येक विहिरीत भरण्याआधी नळी हलवून घ्यावी लागली.

निकाल: एलपीएस शोषलेला सिरम खडबडीत जिवाणूवर झकास बसतो. गुळगुळीतवर जेमतेम. पोरिनविरुद्धची प्रतिपिंडं आहेत, चांगली आहेत, पण उसाच्या फडात जमिनीलगतचा खुंट शोधावा तसं त्यांचं झालंय. प्रतिपिंड स्वतः काही लहान नसतं, दाट उसातून खाली पोहोचणार कसं?

१ एप्रिल, मंगळवार

बॅक्टेरिसायडल चाचणी, म्हणजे जिवाणू मरतात का ते पाहायचं. जिवाणू, सिरम (५६ अंशांवर अर्धा तास तापवून त्याचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट, म्हणजे जिवाणूला भोकं पाडणारी रक्तातली प्रथिनं, मारलेलं), आणि वरून गिनिपिगचं ताजं कॉम्प्लिमेंट. तासाभराने अगारवर पसरून उरलेल्या वसाहती मोजायच्या.

गुळगुळीत जिवाणू: आधीच्या सिरमबरोबर २१२ वसाहती. पूर्ण सिरमबरोबर १९. एलपीएस शोषलेल्या सिरमबरोबर १६३.

खडबडीत: शून्य, शून्य, शून्य. अगदी प्रतिपिंडाशिवायही शून्य. शेपटी नसलेला जिवाणू नुसत्या कॉम्प्लिमेंटनेच मरतो, हे पुस्तकात वाचलं होतं आणि तरी तीन प्लेट्स फुकट घालवल्या. म्हणजे माझी प्रतिपिंडं जिथे बसतात तिथे त्यांची गरज नाही, आणि जिथे गरज आहे तिथे ती बसत नाहीत.

४ एप्रिल, शुक्रवार

मॅडमपुढे वही ठेवली. त्यांनी दोन कामं दाखवली. एक २०१० चं, आफ्रिकेतल्या एचआयव्हीबाधित प्रौढांवरचं. त्यांच्या रक्तात एलपीएसविरुद्ध प्रतिपिंडं भरमसाट, पण तीच साल्मोनेला मारू देत नव्हती. बाह्य पटलाच्या प्रथिनांविरुद्धची मात्र मारत होती. म्हणजे माझ्या नळीतल्या १९ वसाहती पाहून एलपीएसला हार घालायचीही घाई नको.

दुसरं २०२० चं. टायफिम्युरिअमच्या ओम्पडी या पोरिनने टोचलेले उंदीर टायफिम्युरिअमपासून वाचतात. एन्टेरिटिडिस या दुसऱ्या साल्मोनेलापासून फारसे नाहीत. दोघांच्या ओम्पडीत फरक किती? एका अमिनो आम्लाचा. प्रथिनं 'बरीचशी सारखी', म्हणून एका लशीत सगळे प्रकार, असं मी ६ जानेवारीला लिहिलं होतं. पान उलटून पुन्हा वाचलं.

शिवाय साल्मोनेला मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीच्या पोटात जाऊन लपतो. तिथे प्रतिपिंड पोहोचत नाही, टी पेशी लागतात. माझ्या नळीत मॅक्रोफेजही नाही, टी पेशीही नाहीत. लस टोचलेल्या जनावराला जिवाणू देऊन ते जगतं की नाही हे पाहिल्याशिवाय 'संरक्षण' हा शब्द वापरायचा हक्क मिळत नाही. ते मी केलेलं नाही.

जानेवारीतला फॉर्म काढला. पेन्सिलीची रेघ अजून होती. मॅडम काही बोलल्या नाहीत, पेन माझ्याकडे सरकवलं. 'संरक्षण' खोडून 'प्रतिपिंड-प्रतिसाद आणि त्यातील एलपीएसचा वाटा' असं केलं. सही झाली. शीर्षक आता रटाळ आहे आणि दोन ओळींत मावत नाही.

९ एप्रिल, बुधवार

प्रबंधाचं लिखाण चालू आहे. दुपारी मात्र खडबडीत प्रकाराचं एक लिटर कल्चर लावलं. ओ-अँटिजेन नसलेल्या जिवाणूचंच ओएमपी काढलं तर शिडीचा प्रश्नच उरणार नाही. मॅडमची एकच अट, गाभ्याची साखर शाबूत असलेला प्रकार घे. अगदी खोलवर तुटलेला घेतलास तर त्याच्या पटलात पोरिनच नीट बसत नाहीत. माझ्या प्रबंधात हे येणार नाही, पुढच्या बॅचच्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

संध्याकाळी शेकर थांबवला तर फ्लास्कच्या तळाशी गुठळ्या जमायला लागल्या होत्या. वेग थोडा वाढवून दिला. सिल्व्हर नायट्रेटची बाटली अर्धी आहे, फॉइल गुंडाळून वरच्या खणात ठेवली आहे.